साठ हजारांचे दप्तर

पहिल्या महायुद्धाच्या चार वर्षांत ऑस्ट्रेलियातून समुद्रापार लढावयास गेलेल्यांपैकी सुमारे साठ हजार माणसे मृत्यू पावली, आणि त्या साठ हजारांपैकी एकाच्याच देहाला त्या काळी मायभूमीची माती लाभली. तो एक म्हणजे त्या फौजेचा पहिला सेनापती मेजर-जनरल विल्यम ब्रिजेस. १९१५ च्या मे महिन्यात गॅलिपोलीच्या एका घळीत तुर्की नेमबाजाची गोळी मांडीत शिरून तो पडला, तीन दिवसांनी इस्पितळाच्या जहाजावर वारला, आणि त्याचे शव पुढे ऑस्ट्रेलियात नेऊन डन्ट्रून येथे, त्यानेच स्थापिलेल्या लष्करी विद्यालयाजवळच्या टेकडीवर, पुरण्यात आले. बाकीचे सारे जेथे पडले तेथेच राहिले. कोणी तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर, कोणी पॅलेस्टाइनच्या वाळूत, आणि बहुसंख्य फ्रान्स-बेल्जमच्या चिखलात. मेलेल्याला मृत्युस्थळीच विसावा द्यावा आणि त्यात सरदार आणि शिपाई असा भेद करू नये, असे साम्राज्य सरकारचे धोरण ठरले, आणि ते न्याय्य होते हेही खरे. परंतु व्हिक्टोरिया प्रांतातल्या एखाद्या गहू पिकविणाऱ्या खेड्यातल्या आईला त्या न्यायाचा अर्थ एवढाच होता, की मुलाच्या थडग्यापर्यंत पोहोचण्यास दीड-दोन महिन्यांचा समुद्रप्रवास आणि आयुष्याची पुंजी लागणार, म्हणजे ते थडगे तिच्या दृष्टीस कधीही पडणार नाही.

या अंतरातूनच एक आगळा उद्योग जन्मास आला. ज्या राष्ट्राला आपल्या मृतांचे देह परत आणता येत नव्हते, त्याने त्यांचे दप्तर परत आणले: त्यांच्या रोजनिशा, पलटणींच्या नोंदी, सोबत्यांच्या जबान्या, छायाचित्रे, फुटक्या बंदुका, पाण्याच्या बाटल्या, आणि अखेर प्रत्येकाचे नाव. ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या युद्धस्मृतीविषयी पुष्कळ लिहिले जाते ते शौर्याच्या अंगाने. परंतु ती स्मृती आपोआप टिकली नाही. ती काही ठरावीक माणसांनी, युद्ध चालू असतानाच, कारकुनी चिकाटीने आणि पुत्रवत् ममतेने गोळा केली, आणि हा त्यांच्या परिश्रमांचा वृत्तान्त मला त्या लढायांइतकाच स्मरणीय वाटतो.

१९१४ साली ऑस्ट्रेलिया हे संघराज्य म्हणून अवघे तेरा वर्षांचे होते, आणि त्याची लोकसंख्या पन्नास लाखांच्याही आत होती. ४ ऑगस्ट रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारताच ऑस्ट्रेलियाही युद्धात ओढला गेला, कारण परराष्ट्रव्यवहाराची मुखत्यारी अद्याप लंडनकडेच होती. मात्र समुद्रापार जाणारी फौज सर्वस्वी स्वेच्छेने भरती झालेल्यांची होती. दिवसाला सहा शिलिंग हा त्या काळी उदार मानला जाणारा पगार, जग पाहण्याची हौस, ‘मायदेश’ म्हणून इंग्लंडविषयी वाटणारी निष्ठा आणि मित्रांची संगत, अशी भरतीमागची कारणे नानाविध होती. पुढे सरकारने सक्तीच्या भरतीसाठी १९१६ आणि १९१७ अशी दोनदा सार्वमते घेतली, आणि दोन्ही वेळा जनतेने ती सूचना फेटाळली, त्यामुळे युद्ध संपेपर्यंत ही फौज स्वयंसेवकांचीच राहिली. एकूण ४ लाख १६ हजारांहून अधिक लोक भरती झाले, आणि त्यांपैकी सुमारे ३ लाख ३० हजार प्रत्यक्ष परदेशी रवाना झाले. ज्याला कोणी पाठविले नव्हते, जो आपण होऊन गेला होता, त्याच्या मरणाचा जाब घरच्यांनी कोणाला विचारावा? बहुतेक घरांनी तो विचारला नाही. त्यांनी विचारली ती केवळ हकीकत, आणि तिचा आग्रह मात्र धरला.

१ नोव्हेंबर १९१४ रोजी पश्चिम किनाऱ्यावरील ऑल्बनी बंदरातून पहिला काफिला निघाला. वाटेत, ९ नोव्हेंबरला, त्याच्या संरक्षणार्थ असलेल्या ‘सिडनी’ या युद्धनौकेने कोकोस बेटांजवळ जर्मन ‘एमडेन’ नौकेला गाठून निकामी केले. हीच ती ‘एमडेन’, जिने त्याच्या दीड महिना आधी मद्रासवर तोफा डागून तेथील तेलाच्या टाक्या पेटवून दिल्या होत्या. काफिला इंग्लंडला जावयाचा तो ईजिप्तमध्ये उतरविण्यात आला, आणि कैरोजवळ पिरॅमिडांच्या छायेत, मेना येथील वाळवंटी छावणीत, त्या रांगड्या तरुणांची कवायत सुरू झाली.

या काफिल्याबरोबर चार्ल्स एडविन वुड्रो बीन नावाचा एक उंच, लालसर केसांचा, चष्मा लावणारा वार्ताहर होता. न्यू साउथ वेल्समधल्या बॅथर्स्ट गावी १८७९ साली जन्मलेला आणि ऑक्सफर्डला शिकलेला हा गृहस्थ हिंदुस्थानच्या सनदी नोकरीच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाला होता. उत्तीर्ण झाला असता तर एखाद्या जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीत त्याचे आयुष्य गेले असते. तसे न होता तो ऑस्ट्रेलियात परतला, वकिली सोडून वृत्तपत्रात शिरला, आणि लोकरीच्या धंद्याचा वृत्तान्त लिहिण्यासाठी देशाच्या अंतर्भागात हिंडला. मेंढपाळ, लोकर कातरणारे, नदीतल्या बोटींवरचे खलाशी यांची भाषा आणि त्यांचा ताठ स्वभाव त्याने तेथे पाहिला, आणि आपल्या देशाचा कणा हाच, अशी त्याची धारणा झाली. १९१४ साली सरकारने फौजेबरोबर एक अधिकृत वार्ताहर धाडण्याचे ठरविले, तेव्हा पत्रकारांच्या संघटनेने मते घेऊन बीनची निवड केली; कीथ मर्डॉक हा त्याचा प्रतिस्पर्धी थोडक्या मतांनी मागे पडला.

२५ एप्रिल १९१५ रोजी पहाटेच्या अंधारात ऑस्ट्रेलियन तुकड्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरल्या. दार्दानेल्सची सामुद्रधुनी ताब्यात घेऊन तुर्कस्तानला युद्धातून काढावयाचे आणि रशियाकडे जाणारा मार्ग मोकळा करावयाचा, असा त्या मोहिमेचा हेतू होता. परंतु नौकांनी माणसे उतरविली ती उभ्या कड्यांच्या आणि काटेरी झुडुपांनी भरलेल्या घळींच्या पायथ्याशी, आणि समोर तुर्कांचे सैन्य दृढनिश्चयाने उभे राहिले. दिवस मावळेपर्यंत जी चिंचोळी पट्टी हाती आली, तीच पुढचे आठ महिने ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या सैन्याचे, म्हणजे ‘ॲन्झॅक’चे, वसतिस्थान आणि स्मशान झाली. या पट्टीवर पहिल्याच दिवशी ज्या तोफा चढल्या त्या हिंदुस्थानी पहाडी तोफखान्याच्या होत्या, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. शीख आणि पंजाबी मुसलमान गोलंदाजांनी खेचरांच्या पाठीवरून तोफांचे सुटे भाग वर नेऊन जोडले आणि भडिमार सुरू केला. आणि पुढे महिनोन्‌महिने पाणी, दारूगोळा आणि रसद खंदकांपर्यंत पोहोचविली ती हिंदुस्थानी खेचरतांडे हाकणाऱ्यांनीच.

बीन त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास किनाऱ्यावर उतरला. इतर वार्ताहर जहाजावरून किंवा बेटावरून बातम्या धाडीत असता हा मनुष्य खंदकात राहिला. त्याची पद्धती अशी की चकमक संपताच, अनेकदा संपण्यापूर्वीच, दुर्बीण, कॅमेरा आणि वही घेऊन आघाडीवर जावे. जे लढले त्यांना, शिपायापासून कर्नलपर्यंत, एकेकट्याला गाठून विचारावे, कोठे होतास, उजवीकडे कोण होते, किती वाजले होते. दोघांच्या सांगण्यात मेळ बसेना तर तिसऱ्याला शोधावे. आणि रात्री आपल्या भुयारवजा खोपटीत मेणबत्तीच्या उजेडात, पुष्कळदा झोपेने डोळे मिटत असता, सारे लिहून काढावे. मे महिन्यात क्रिथिया येथे ऑस्ट्रेलियन तुकडीने उघड्या मैदानात चढाई केली, तेव्हा तो गोळीबारातून जखमींना पाणी नेत होता, आणि तो सैनिक असता तर त्याला शौर्यपदक मिळाले असते. ऑगस्टच्या मोठ्या हल्ल्याच्या रात्री त्याच्या पायात गोळी घुसली. इस्पितळाच्या जहाजावर जाण्यास त्याने नकार दिला आणि खोपटीत पडून राहून तो काम करीत राहिला. ती गोळी त्याच्या शरीरात जन्मभर राहिली.

त्या ऑगस्टमध्येच ‘लोन पाइन’ येथे लाकडी ओंडक्यांनी झाकलेल्या तुर्की खंदकांत शिरून ऑस्ट्रेलियनांनी चार दिवस हातघाईची लढाई केली आणि दोन हजारांहून अधिक माणसे गमावून ते खंदक राखले. ही लढाई सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘नेक’ नावाच्या अरुंद सोंडेवर, तोफांचा मारा वेळेपूर्वी थांबला असताही, लाइट हॉर्स या पायी लढणाऱ्या घोडदळाच्या चार रांगा एकामागून एक खंदकाबाहेर पाठविण्यात आल्या. पहिली रांग क्षणार्धात कापली गेली हे दुसरीला दिसत होते, दुसरीचे तिसरीला, आणि तरी हुकूम फिरला नाही. तीन टेनिसकोर्टे मावतील एवढ्या जागेत ती माणसे पडली आणि युद्ध संपेपर्यंत कोणाला तेथे जाता आले नाही.

हिवाळा आला तेव्हा मोहीम निष्फळ झाल्याचे वरिष्ठांना कळून चुकले होते. नोव्हेंबरमध्ये बीनने सैनिकांकडून लेख, कविता आणि चित्रे मागविली. नाताळला खंदकातल्या खंदकात वाटण्याजोगा एक अंक काढावा, एवढाच मूळ बेत होता. ज्यांच्याजवळ रंग नव्हते त्यांनी जखमेवर लावण्याच्या आयोडीनच्या कुंचल्याने चित्रे काढली, आणि कागद म्हणून मिळेल ती पाठकोरी वापरली. त्याच महिन्याच्या अखेरीस हिमवादळ आले, ज्यांनी जन्मात बर्फ पाहिला नव्हता अशांचे हातपाय गारठून गेले, आणि तरीही मजकूर येत राहिला. हा संग्रह ‘द ॲन्झॅक बुक’ या नावाने १९१६ साली लंडनमध्ये छापून निघाला आणि त्याच्या लाखावर प्रती खपल्या. त्यात काय घ्यावयाचे याची निवड करताना बीनने भीती, कंटाळा आणि कटुता यांचे लिखाण पुष्कळसे बाजूला ठेवले, असे पुढच्या अभ्यासकांनी हस्तलिखिते तपासून दाखविले आहे; म्हणजे स्मृतीच्या या पहिल्याच ग्रंथात सांगण्याबरोबर गाळणेही सुरू झाले होते, ही गोष्ट त्याच्याविषयी कितीही आदर असला तरी नमूद करणे प्राप्त आहे.

माघारीची योजना मात्र संपूर्ण मोहिमेत सर्वांत कुशल ठरली. डिसेंबरच्या रात्रींतून हजारो माणसे गुपचूप काढून नेण्यात आली, आणि अखेरच्या रात्री, खंदक ओस पडल्यावरही गोळ्या सुटत राहाव्यात म्हणून एका तरुण शिपायाने एक युक्ती योजिली होती. बंदूक रोखून ठेवावयाची, तिच्या घोड्याला दोरी बांधून खाली एक रिकामा डबा टांगावयाचा, आणि त्यावर पाण्याने भरलेला दुसरा डबा बसवून त्याच्या तळाला बारीक भोक पाडावयाचे. थेंब थेंब पाणी गळून खालचा डबा भरे, त्याच्या भाराने घोडा ओढला जाई, आणि माणूस निघून गेल्यावर बऱ्याच वेळाने बार उडे. २० डिसेंबरच्या पहाटेपर्यंत ॲन्झॅकचा किनारा रिकामा झाला, जवळजवळ एकही बळी न पडता. मागे राहिले ते आठ हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन मृत, आणि जिवंतांना सर्वांत जड गेले ते त्यांना सोडून जाणे.

बीन फौजेची हकीकत टिपीत असता एकेका माणसाची हकीकत शोधण्याचे काम एका तरुणीने उचलले. माजी पंतप्रधान आल्फ्रेड डीकिन यांची कन्या व्हेरा डीकिन हिने ऑक्टोबर १९१५ मध्ये कैरो येथे रेडक्रॉसच्या वतीने जखमी आणि बेपत्ता सैनिकांच्या चौकशीची कचेरी उघडली, आणि पुढील वर्षी ती लंडनला हलविली. लष्करी खात्याकडून घरी जाणारी तार म्हणजे ‘बेपत्ता’ किंवा ‘कामी आला’ एवढ्या दोन शब्दांची. त्यापुढचे सारे ही कचेरी शोधी. तिचे चौकशीदार इस्पितळांतून आणि छावण्यांतून हिंडत, बेपत्ताच्या पलटणीतला कोणी खाटेवर भेटला तर त्याच्या उशाशी बसून जबानी घेत, आणि ती जबानी कितपत विश्वसनीय आहे याचा शेराही लिहीत. माणूस उंच होता की ठेंगणा, केस कोणत्या रंगाचे, सोबती त्याला कोणत्या टोपणनावाने हाक मारीत, घरचा धंदा कोणता, अशा खुणा विचारून मगच नाव पक्के करावयाचे, कारण एकाच नावाचे चार-चार शिपाई फौजेत असत. एकाच मृत्यूच्या तीन निरनिराळ्या कथा एकाच फायलीत सापडतात. घरी पाठवावयाच्या पत्रात कचेरी सहसा सत्य लपवीत नसे. जे कळले ते सौम्य शब्दांत, परंतु कळले तसे सांगे, आणि एखाद्या आईला हे सांगणेही भाग पडे की तुझा मुलगा ‘तत्काळ आणि वेदनेवाचून’ गेला नाही. अशा सुमारे ३२ हजार फायली तयार झाल्या आणि त्या आजही उपलब्ध आहेत. सरकारी इतिहासाच्या कोणत्याही खंडाहून या फायलींत मला त्या युद्धाचे सत्य अधिक निकट वाटते.

१९१६ साली फौज फ्रान्सच्या आघाडीवर आली आणि गॅलिपोलीचे आकडे लहान वाटू लागले. १९ जुलैच्या संध्याकाळी फ्रोमेल येथे, शत्रूला गुंतवून ठेवण्यासाठी म्हणून, अननुभवी ५ व्या डिव्हिजनला उघड्या दलदलीतून जर्मन मशीनगनांवर सोडण्यात आले, आणि उजाडेपर्यंत ५,५३३ ऑस्ट्रेलियन मृत, जखमी किंवा कैद झाले. त्यानंतर चारच दिवसांनी सोम नदीच्या खोऱ्यात पोझियेर गावावर हल्ला झाला. गाव पहिल्या झटक्यात मिळाले, आणि मग जर्मन तोफांनी ते गाव, त्याची घरे, झाडे, रस्ते आणि खंदक सारे चाळून काढले. माणसे मातीखाली गाडली जात, उकरून काढली जात, आणि पुन्हा गाडली जात. सात आठवड्यांच्या आत तेथे २३ हजार माणसे निकामी झाली, त्यांत सुमारे पावणेसात हजार मृत होते. बीन त्या उलथलेल्या भूमीवरून हिंडत असे, आणि याच काळात त्याच्या मनात ती कल्पना दृढ झाली, असे त्याचा मदतनीस आर्थर बेझली याने पुढे सांगितले आहे: ज्या वस्तू या माणसांनी हाताळल्या, जे कागद त्यांनी लिहिले, ते सारे घरी न्यावे आणि एका ठिकाणी, शांत जागी, त्यांच्या नावांसमवेत जपून ठेवावे.

कल्पना मनात येणे निराळे आणि तिचे खाते उघडणे निराळे. ते दुसरे काम जॉन ट्रेलोअर याने केले. गॅलिपोलीवर पहिल्याच दिवशी उतरलेला, पुढे विषमज्वराने खंगलेला, स्वभावाने मितभाषी आणि कामाचा अतोनात ओढा असलेला हा लष्करी कारकून मे १९१७ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, लंडनमध्ये नव्यानेच स्थापन झालेल्या ‘ऑस्ट्रेलियन युद्धदप्तर विभागा’चा प्रमुख झाला. प्रत्येक पलटणीने दैनंदिन युद्ध-रोजनिशी ठेवावी असा लष्करी नियम होताच, परंतु गोळीबारात दिवस काढणारे अधिकारी ती दोन ओळींत उरकीत. ट्रेलोअरने त्यांना पुन्हापुन्हा पत्रे लिहिली, चांगल्या रोजनिशीचे नमुने धाडले, आणि ही नोंद तुमच्या मेलेल्या माणसांची एकमेव साक्ष ठरणार आहे हे त्यांना पटवून दिले. वस्तूंसाठी त्याने चिठ्ठ्या वाटल्या: हाती लागलेल्या वस्तूवर चिठ्ठी बांधा, कोणती पलटण, कोणते ठिकाण, कोणता दिवस, एवढे लिहा आणि पाठवा. युद्ध संपेपर्यंत पंचवीस हजारांवर वस्तू जमल्या. शिपाई स्वतःच्या ओझ्याखाली वाकलेले असताही शत्रूची मशीनगन किंवा रस्त्याची पाटी मैलोगणती वाहून आणीत, यावरून या कामाची निकड त्यांनाही वाटत होती हे उघड आहे.

छायाचित्रांच्या बाबतीत मात्र एक मोठा तंटा उभा राहिला. १९१७ साली अधिकृत छायाचित्रकार म्हणून दाखल झालेला फ्रँक हर्ली नुकताच शॅकल्टनच्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेतून परतला होता आणि धाडसात कोणाला हार जाणारा नव्हता. त्याचे म्हणणे असे, की लढाईचे स्वरूप एका काचेवर कधीच उमटत नाही; एकीकडे माणसे धावतात, दुसरीकडे गोळा फुटतो, वर विमान असते, म्हणून चारसहा काचा एकत्र छापून खरे चित्र सिद्ध करावे लागते. बीनने याला साफ नकार दिला. त्याच्या लेखी असे चित्र कितीही परिणामकारक असले तरी बनावट होते, आणि मृतांच्या साक्षीत एकही बनावट कागद मिसळू देण्याचा अधिकार जिवंतांना नव्हता. हर्ली चिडून राजीनाम्यापर्यंत गेला आणि अखेर पॅलेस्टाइनच्या आघाडीवर निघून गेला. कलेच्या दृष्टीने हर्लीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तथापि, या दप्तरावर आज शंभर वर्षांनीही जो विश्वास ठेवता येतो तो बीनच्या या हट्टामुळे, हे मान्य करावेच लागेल.

ऑस्ट्रेलियन माणसे या युद्धात इतरत्रही पांगली होती, आणि त्यांतल्या दोन वाटा आपल्या मुलुखाला लागून जातात. हिंदुस्थान सरकारच्या विनंतीवरून १९१५ साली वैमानिकांची आणि मेकॅनिकांची एक छोटी तुकडी मुंबईमार्गे बसऱ्यास गेली आणि ज्या सैन्याच्या दिमतीला लागली ते पुणे डिव्हिजन होते, ज्यात मराठा पलटणीही होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियातील कूट येथे ते सारे सैन्य उपासमारीने शरण आले, तेव्हा काही ऑस्ट्रेलियन मेकॅनिकही मराठा शिपायांबरोबर कैदेत गेले; वाळवंटातल्या त्या पायपिटीतून आणि छावण्यांतल्या रोगराईतून त्यांतले बहुतेक वाचले नाहीत. दुसरी वाट परिचारिकांची. पाचशेहून अधिक ऑस्ट्रेलियन परिचारिकांनी हिंदुस्थानातल्या लष्करी इस्पितळांत काम केले, मुंबईत आणि पुण्यातही, मेसोपोटेमियाहून जहाजे भरभरून येणाऱ्या जखमी आणि तापकऱ्यांची शुश्रूषा करीत. आणि त्यांतल्या काहींनी येथेच देह ठेवला.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्धतहकुबी झाली, तो दिवस बीनने जल्लोषात घालविला नाही. तो फ्रोमेलला गेला. दोन वर्षांपूर्वीच्या त्या रात्री दोन्ही खंदकांमधल्या ज्या पट्टीत ती माणसे पडली होती, तेथे त्यांचे अवशेष अद्याप तसेच विखुरलेले त्याला आढळले. पुढल्या फेब्रुवारीत तो चित्रकार जॉर्ज लँबर्ट, छायाचित्रकार ह्यूबर्ट विल्किन्स आणि आणखी काहीजणांना घेऊन गॅलिपोलीवर परत गेला. पहिल्या दिवशी आपली माणसे किती आत पोहोचली होती, हा प्रश्न त्याला चार वर्षे छळीत होता. काडतुसांची टरफले आणि गणवेशांचे तुकडे पाहत तो त्या टेकड्या पायी तुडवीत राहिला, आणि ज्याने समोरच्या बाजूने ही लढाई लढली होती अशा मेजर झेकी बे या तुर्की अधिकाऱ्याला सोबत घेऊन त्याने प्रत्येक सोंडेवर उभे राहून त्याची बाजू ऐकून घेतली. नुकत्याच शत्रू असलेल्याच्या साक्षीला आपल्या माणसाच्या साक्षीइतकेच वजन देणारा इतिहासकार त्या काळी विरळाच. नेकच्या त्या चिंचोळ्या पट्टीवर त्याच वर्षी तीनशेहून अधिक लाइट हॉर्स सैनिकांची हाडे गोळा करून पुरण्यात आली.

मायदेशी परतल्यावर बीनने कॅनबेराजवळ टगरनाँग येथील एका मेंढपाळी वाड्यात बिऱ्हाड थाटले आणि लिखाणास आरंभ केला. अधिकृत इतिहासाचे बारा खंड ठरले, त्यांपैकी सहा त्याने स्वतः लिहिले. पहिला १९२१ मध्ये आणि त्याचा शेवटचा १९४२ मध्ये निघाला, म्हणजे पहिल्या युद्धाची कथा पुरी होईतो दुसरे युद्ध ऐन भरात आले होते. या ग्रंथाचे वैशिष्ट्य त्याच्या तळटीपांत आहे. मजकुरात एखाद्या साध्या शिपायाचे नाव आले, की खाली त्याचा धंदा, गाव, जन्मतारीख, आणि तो मेला असल्यास कधी, हे येते. सुतार, शेतमजूर, बँकेतला कारकून, शाळामास्तर, खाणकामगार, अशा हजारो माणसांची ओळख त्या बारीक टाइपात लागलेली आहे. सेनापतींचे डावपेच सांगणारे इतिहास पुष्कळ झाले. खंदकाच्या कडेवरून पहिला कोण चढला, हे सांगणारा हा बहुधा पहिलाच. सरदारकीचा किताब देऊ केला असता त्याने तो नाकारला.

त्याच्या दृष्टीला मर्यादाही होत्या, आणि त्या लपविण्यात अर्थ नाही. १९१८ साली जॉन मोनॅश या ज्यू इंजिनिअर-सेनानीकडे ऑस्ट्रेलियन कोअरचे आधिपत्य जाऊ नये म्हणून बीन आणि मर्डॉक यांनी खटपट केली, आणि तिच्यामागे मोनॅशच्या जातीविषयीचा आकसही होता. मोनॅशने आमेल आणि आमिये येथील विजयांनी उत्तर दिले, आणि बीनने पुढे आपला हस्तक्षेप अविचाराचा होता हे लेखी मान्य केले. ॲबॉरिजिनल सैनिकांची उपेक्षा याहून खोल होती, आणि तिचा दोष एकट्या बीनवर टाकता येत नाही. भरतीचे नियम त्यांना दाराबाहेर ठेवीत असता एक हजाराहून अधिक जणांनी कसेबसे नाव नोंदविले, इतरांच्या बरोबरीने पगार घेतला, एकाच खंदकात झोपले. आणि परतल्यावर सैनिकांना वाटावयाच्या जमिनींच्या यादीत त्यांचे नाव बहुधा आलेच नाही. कित्येक दशके त्यांची गणना करण्याचेही कोणास सुचले नाही.

बीनच्या त्या कल्पनेतून उभे राहिलेले कॅनबेरातील युद्धस्मारक ११ नोव्हेंबर १९४१ रोजी उघडले. ट्रेलोअर त्याचा संचालक होता आणि १९५२ साली मृत्यू येईपर्यंत राहिला. तेथील नामावलीत हुद्दे नाहीत, पदके नाहीत. कर्नल आणि शिपाई आपापल्या पलटणीखाली अक्षरानुक्रमे येतात. गावोगावीही हजाराहून अधिक स्मारके उभी राहिली होती, आणि त्यांपैकी पुष्कळांवर मेलेल्यांबरोबर परतलेल्यांचीही नावे कोरलेली आढळतात, कारण जो स्वेच्छेने गेला त्याचे जाणेच नोंदण्याजोगे मानले गेले. बीनने आपल्या दोनशेहून अधिक वह्या याच स्मारकाच्या स्वाधीन केल्या, आणि त्यांवर एक सूचना चिकटविली: यात जे लिहिले आहे ते त्या क्षणी मला खरे वाटलेले आहे, थकव्यात आणि अर्धवट झोपेत लिहिलेले आहे, आणि इतर पुराव्याशी ताडून पाहिल्यावाचून त्यावर विसंबू नये. पत्रकारितेत आणि इतिहासलेखनात इतके प्रामाणिक वाक्य फार थोड्यांनी लिहिले असेल.

हे दप्तर निरुपयोगी धूळ खात पडले नाही, याचा पुरावा आपल्या काळातला आहे. फ्रोमेलच्या त्या रात्री जर्मन खंदकांपर्यंत पोहोचून पडलेल्या माणसांना जर्मनांनी आपल्या आघाडीमागे, एका राईच्या कडेला, खड्डे खणून पुरले होते, आणि त्यांच्या ओळखपट्ट्या रेडक्रॉसमार्फत परत धाडल्या होत्या. युद्धानंतरच्या शोधपथकांच्या नजरेतून ती जागा निसटली. परंतु रेडक्रॉसच्या जुन्या फायलींत जर्मन मृत्युयाद्यांच्या नोंदी होत्या, त्यांतल्या एकीत त्या राईचे नाव होते, आणि त्या आधारावर मेलबर्नच्या एका निवृत्त शिक्षकाने वर्षानुवर्षे सरकारचा पिच्छा पुरविला. २००९ साली ते खड्डे उघडले तेव्हा अडीचशे देह सापडले. त्यांच्यासाठी नवी दफनभूमी बांधण्यात आली, आणि नातलगांचे डीएनए-नमुने व १९१६ चे कागद एकत्र ताडून त्यांतल्या बहुसंख्यांची नावे निश्चित करण्यात आली. तेथील शिळांवर, ‘परमेश्वरासच ज्ञात’ एवढेच ज्यांवर लिहिले असते त्यांच्या जागी, आता नावे येत गेली आहेत, आणि एखाद्या गावच्या स्मारकावर शंभर वर्षे असलेल्या नावाला त्याचे थडगे मिळाले आहे.